११२ ला लावलेला फोन नवी मुंबईत वाजतो, मग गाडी कोल्हापुरात कशी येते?

संध्याकाळी साडेसहाला आमच्या गावच्या दूध संस्थेत रांग लागते. परवा त्या रांगेत आबांनी विषय काढला. त्यांच्या भावकीत बांधावरनं हाणामारी झाली, पोरांनी ११२, म्हणजे सगळ्या संकटांसाठीचा एकच नंबर, लावला आणि पलीकडची बाई विचारते, "सर, जिल्हा कोणता?" आबा कॅन खाली ठेवत म्हणाले, "नव्या मुंबईत बसलेल्या पोरीला आमची पाणंद काय म्हाईत? पयलं ठाण्यात फोन केला की हवालदार आवाजावरनं वळखायचा. ह्यो उलटा कारभार कुणी काढला?"

निम्म्या रांगेनं माना डोलावल्या. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला, त्यामुळं उत्तर द्यायची जबाबदारी आपसूक माझ्यावर आली. माझं दूध मापून होईपर्यंत जमलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथं लिहितोय.

१०० होता की, मग हे कशाला?

पोलीस १००, आग १०१, अँब्युलन्स १०८, महिलांसाठी १०९१ आणि १८१, मुलांसाठी १०९८. भिंतीवर रंगवायला यादी झकास आहे. रस्त्यावर रक्तात पडलेल्या माणसाशेजारी उभं राहून यातला कुठला आठवतो ते बघा. शिवाय १०० लावला की फोन जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात वाजायचा. तिथला अंमलदार वहीत लिहून घ्यायचा, बिनतारीवरून ठाण्याला कळवायचा आणि ठाणे अंमलदार हाताशी असेल त्याला पिटाळायचा. लाइन एंगेज लागली तर विषय संपला. तुम्ही फोन केला होता याची नोंद जगात कुठंच राहायची नाही.

एका नंबरची कल्पना आपली नाही. १९३५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच बायका गेल्या. शेजाऱ्यानं फोन उचलला होता, पण एक्स्चेंजमध्ये त्याचा फोन बाकीच्या फोनांच्या मागं रांगेत अडकला. त्यावरून गदारोळ झाला आणि १९३७ मध्ये लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. अमेरिकेत ९११ आला १९६८ मध्ये. युरोपनं १९९१ मध्ये ११२ ठरवला.

आपल्याकडं डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून ही योजना निघाली. निर्भया निधीतून ३२१.६९ कोटी रुपये राखून ठेवले. २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं ११२ हा नंबर सुचवला, तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं सॉफ्टवेअर बांधलं आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात पहिल्यांदा तो चालू झाला. महाराष्ट्रात २०२१ मध्ये आला. मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरं नागपुरात.

दुधाची पावती, फोनची पावती

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या संस्थेत सेक्रेटरी वहीत लिटर लिहायचे आणि फॅटवरून रोज एक तरी भांडण व्हायचं. आता तुम्ही तुमचा कोड सांगता, नमुना मशीनमध्ये जातो, पडद्यावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) दिसतं आणि वजन, दर, वेळ घालून पावती निघते. मशीननं म्हशीचं दूध वाढवलं नाही. पण "मी सकाळी घातलं होतं" आणि "न्हाई, वहीत न्हाई" हा वाद मात्र संपवला.

११२ चं सॉफ्टवेअर हीच पावती फाडतं. फोन उचलला जायच्या आत तुमचा नंबर आणि साधारण ठिकाण पडद्यावर आलेलं असतं. पलीकडची व्यक्ती काय झालं, कुठं झालं, कुणाला लागलंय, धोका अजून चालू आहे का, एवढं विचारून भरते आणि त्या घटनेला एक क्रमांक पडतो. हे सगळं सांभाळणाऱ्या प्रणालीचं नाव कॉम्प्युटर एडेड डिस्पॅच, म्हणजे कुठली गाडी कुठं धाडायची हे ठरवायला हात देणारा संगणक. आपण तिला 'पाठवणी' म्हणू. लग्नातली नव्हे.

आता आबांचा मुद्दा. नवी मुंबईतली मुलगी गाडी पाठवतच नाही. ती फक्त पावती फाडते. ती पावती त्याच मिनिटाला कोल्हापूरच्या नियंत्रण कक्षात उघडते आणि तिथं बसलेला पोलीस इथलाच असतो. त्याच्या नकाशावर जिल्ह्यातल्या गाड्या ठिपक्यांसारख्या दिसतात, कारण प्रत्येक गाडीत जीपीएस आणि एक टॅब आहे. जवळची मोकळी गाडी निवडली की गाडीतला टॅब वाजतो. गाडीतला पोलीस आधी काम स्वीकारल्याचं बटण दाबतो, जागेवर गेल्यावर 'पोहोचलो'चं, आणि शेवटी काय कारवाई केली ते भरतो. प्रत्येक टप्प्याला घड्याळाचा शिक्का बसतो.

मग फोन तरी इथंच का उचलत नाहीत?

हिशेब सोपा आहे. समजा ३६ जिल्ह्यांत प्रत्येकी पाच माणसं फोनवर बसवली. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री कोल्हापूरची पाचही माणसं गुंतलेली असणार, सहावा फोन वाजत राहणार. त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातले पाच जण जांभया देत असतील. सगळ्यांना एका छताखाली बसवलं की कोल्हापूरचा सहावा फोन तो मोकळा माणूस उचलतो. बँकेत पूर्वी प्रत्येक खिडकीला वेगळी रांग असायची आणि आपली रांग हमखास अडायची. आता एकच टोकन, मोकळी होईल ती खिडकी. इथंही तेच केलंय.

याची किंमत आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. फोन उचलणाऱ्याला तुमचं गाव माहीत नसतं.

"अहो, बावडा म्हणजे बावडा!"

ही किंमत मी स्वतः मोजलीय. दोन पावसाळ्यांपूर्वी गगनबावड्याहून परत येताना असळजच्या अलीकडं एक मोटरसायकल घसरलेली दिसली. चालवणारा शुद्धीवर होता, पण पाय विचित्र वळला होता. अंधार, वर धो-धो. मी ११२ लावला आणि म्हणालो, "बावडा रोडला अपघात झालाय."

कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. "कसबा बावडा, तालुका करवीर. बरोबर, सर?"

कोल्हापुरात आम्ही कसबा बावड्यालाही नुसतं बावडाच म्हणतो आणि दोन बावड्यांत पन्नासेक किलोमीटरचं अंतर आहे. मी वैतागून ओरडलो, "अहो, बावडा म्हणजे बावडा! घाटाकडचा!" ती शांत. "सर, रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड दिसतोय का? त्यावरचं वाचून सांगाल?" मोबाईलची बॅटरी लावून गेलो. दगडावर चिखल उडालेला. रुमालानं पुसला, गावाचं नाव आणि आकडा वाचून दाखवला. मग पुढचं सगळं सुरळीत झालं. चूक सरळसरळ माझी होती आणि तिनं विचारलं नसतं तर गाडी आमच्याकडं पाठ करून निघाली असती.

आता कुणीही विचारेल, फोनला जीपीएस असताना तोंडानं पत्ता कशाला सांगायचा? कारण संगणकाला तुमचं ठिकाण दोन वाटांनी कळतं आणि दोन्हींत गफलत आहे. पहिली वाट टॉवरची. तुमचा फोन कुठल्या टॉवरला चिकटलाय ते मोबाईल कंपनीला माहीत असतं. राजारामपुरीत टॉवर दाटीनं आहेत, त्यामुळं काहीशे मीटरचा अंदाज लागतो. गगनबावड्यात, शाहूवाडीत टॉवर विरळ, मग अंदाज काही किलोमीटरचा. तेवढ्यात तीन वाड्या आणि एक धरण बसतं. दुसरी वाट खुद्द फोनच्या जीपीएसची. उघड्या माळावर पाच-दहा मीटरपर्यंत नेम लागतो. पण गंगावेशीतल्या जुन्या वाड्याच्या माजघरात आभाळ दिसत नाही, तिथं तोही चाचपडतो.

आणि हे जीपीएसचं ठिकाण आपोआप पोलिसांकडं जातं असं नाही. अँड्रॉइड फोनमध्ये त्यासाठी २०१६ पासून एक सोय आहे: आपत्कालीन नंबर लावला की फोन स्वतःच आपली जागा कळवतो. पण ऐकणाऱ्या बाजूनंही कान जोडावे लागतात. भारतात उत्तर प्रदेशानं ते पहिल्यांदा केलं, डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणजे सोय खिशात आल्यावर आपल्या देशात ती वापरात यायला नऊ वर्षं गेली.

नकाशाचंही तसंच. नकाशात ताराराणी चौक, आमच्या तोंडात कावळा नाका. नकाशात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, तोंडात सीपीआर. शिरोली म्हणाल तर हातकणंगले तालुक्यातली पुलाची शिरोली की करवीरमधली शिरोली दुमाला? कसबा म्हणाल तर बीड, तारळे, वाळवे, सांगाव सगळेच कसबे. अशी टोपणनावं, जुनी नावं, जुळी नावं यादीत भरून ठेवली की पाठवणीचं सॉफ्टवेअर 'बावडा' टाइप होताच दोन्ही पर्याय पुढं ठेवतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं उद्घाटन होत नाही, फोटो निघत नाही. माझ्या मते नव्या गाड्यांइतकंच मोल या यादीला आहे आणि ती मुंबईत बसून बनत नाही. इथल्या बीट अंमलदारानं, पोलीस पाटलानं, पोस्टमननंच भरायला हवी.

सीमेवर आणखी एक गंमत. ११२ चा फोन कुठल्या राज्याच्या केंद्रात जायचा हे टॉवरवरून ठरतं. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, कर्नाटक. चंदगडला तर बेळगाव अगदी शेजारी. उभे तुम्ही महाराष्ट्रात, पण फोननं पलीकडचा टॉवर पकडला तर समोरून कन्नडमध्ये नमस्कार येऊ शकतो. अशा गावांत पहिलं वाक्य 'मी महाराष्ट्रातून बोलतोय' असंच हवं.

महापुरात हे टिकतं का?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ताच बंद पडला. अशा वेळी सॉफ्टवेअरपुढं वेगळेच पेच उभे राहतात.

आंबेवाडीत किंवा प्रयाग चिखलीत म्हातारा-म्हातारी माळ्यावर अडकलेत. त्यांच्या फोनची बॅटरी संपलेली. त्यांचा मुलगा फोन करतो हडपसरहून, मुलगी ठाणे शहरातून. संगणकाला फोनचं ठिकाण दिसतं पुण्याचं, नाहीतर ठाण्याचं. संकट जिथं आहे तिथून फोन आलेलाच नाही! त्यामुळं पडद्यावरच्या ठिपक्यापेक्षा तोंडी पत्ता वरचढ ठरवण्याची सोय लागते आणि फोन घेणाऱ्यालाही 'तुम्ही तिथंच आहात का' हा प्रश्न सवयीचा असावा लागतो. वर मुलगा, मुलगी, जावई, शेजारी असे एकाच घरासाठी सहा फोन येतात. सहा पावत्या फाडल्या आणि सहा बोटी धाडल्या तर पाच घरं उपाशी. म्हणून जवळच्या ठिकाणची, जवळच्या वेळेची पावती आली की सॉफ्टवेअर विचारतं: ही आधीचीच आहे का? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, ती ज्वाळा ज्यांनी बघितली त्यांना एका घटनेचे किती फोन होऊ शकतात हे वेगळं सांगायला नको. तिथं आणखी एक गाठ: आगीचा बंब महापालिकेचा, ११२ ची गाडी पोलिसांची. पावती एका खात्याकडून दुसऱ्याकडं सरकली पाहिजे, आणि घड्याळ चालूच राहिलं पाहिजे.

टॉवरची वीज गेली की तो बॅटरीवर, मग डिझेलवर. डिझेल पोहोचवायचा रस्ता पाण्यात. त्या क्षणी ११२ मुका होतो आणि जुनी बिनतारी कामाला येते. तिला कुणी मोडीत काढायची भाषा केली तर कोल्हापूरकरांनी आडवं पडावं.

आणि सॉफ्टवेअरच बसलं तर?

बसतं की. २६ ऑक्टोबर १९९२ ला लंडनच्या अँब्युलन्स सेवेनं कागद बाजूला ठेवून अशीच पाठवणी संगणकावर आणली. सगळी मदार प्रत्येक गाडी नेमकी कुठं आहे या माहितीवर. पण घाईत कर्मचारी चुकीचं बटण दाबायचे, कधी दाबायचेच नाहीत. मग संगणकाच्या लेखी मोकळी गाडी प्रत्यक्षात रुग्ण घेऊन निघालेली. एका ठिकाणी दोन गाड्या, दुसरीकडं एकही नाही. चुकीच्या सूचनांचा पडद्यावर ढीग झाला, खऱ्या सूचना त्याखाली गाडल्या गेल्या. ४ नोव्हेंबरला यंत्रणा पुरती थिजली. कारण निघालं क्षुल्लक: तात्पुरता म्हणून घातलेला आणि काढायचा विसरलेला प्रोग्रामचा एक तुकडा संगणकाची मेमरी थोडी थोडी खात राहिला होता. दुसरी यंत्रणा उभी राहिलीच नाही. लोक कागदावर परतले.

आमच्या धंद्यात ही गोष्ट नव्या पोरांना सांगतात. टॅबवर बोट ठेवणारा माणूस दमलेला, भिजलेला, अंधारात असतो हे धरून सॉफ्टवेअर बांधायचं असतं. नागपूरचं दुसरं केंद्र अशाच दिवसासाठी आहे.

"म्हणजे पोलिसांना मी कुठं आहे ते कायम दिसणार?"

नाही. ११२ ला तुमचं ठिकाण मिळतं ते तुम्ही फोन करता तेव्हा. फोन रेकॉर्ड होतो, हे मात्र खरं. ठाण्यांमधल्या फिर्यादी आणि गुन्हेगारांच्या नोंदी देशभर जोडणारी सीसीटीएनएस नावाची यंत्रणा निराळी. तिला २६/११ च्या हल्ल्यानंतर २००९ मध्ये मंजुरी मिळाली. चौकातले कॅमेरे आणखी निराळे. काळजी आहे ती ही सगळी खाती एकमेकांना जोडली जातील तेव्हाची. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं गुन्ह्यांच्या तपासाला बरीच मोकळीक ठेवलीय. म्हणून पावतीचा नियम पोलिसांनाही लागू हवा: कुठल्या अधिकाऱ्यानं कुणाची नोंद कधी उघडली याची नोंद, आणि ती बघणारा बाहेरचा माणूस.

एवढं करून गाडी उशिराच येते

येते. सॉफ्टवेअर घाटातला रस्ता सरळ करत नाही, गाडीत डिझेल घालत नाही आणि रिकाम्या जागांवर शिपाई भरत नाही. त्यात खोटे फोन. पोरांच्या हातातला फोनही त्यात आला, कारण १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं झालं: स्मार्टफोनला पॉवरचं बटण पटापट तीनदा, साध्या फोनला ५ किंवा ९ दाबून धरायचा. ते चुकून दाबलं जातं, हे समजून घेता येतं. दारू पिऊन 'खून झालाय' सांगणाऱ्यांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माझी तक्रार निराळीच आहे. गाडी सरासरी इतक्या मिनिटांत पोहोचते असं कुणी सांगितलं की मी सावध होतो. शाहूपुरीत चार मिनिटं आणि चंदगडच्या टोकाला चाळीस, समसमान धरली तर सरासरी बावीस. ही बावीस मिनिटं दोघांपैकी कुणीच अनुभवलेली नसतात. आणि पाठीमागं सरासरीचा तगादा असला की वेशीवरच 'पोहोचलो' दाबायचा मोह होतो; तो पकडायला गाडीचा जीपीएस त्याच पावतीला ताडून बघावा लागतो. शिक्के तर मिनिटामिनिटाचे आहेत. बारा तालुक्यांचे बारा आकडे वेगळे छापायला काय हरकत आहे? फोन ते पावती, पावती ते गाडी निघणं, निघणं ते पोहोचणं, असे तीन तुकडे करून. मग चंदगडचा उशीर फोन घेणाऱ्यामुळं, गाडी नसल्यामुळं की रस्त्यामुळं, हे ग्रामसभेतही विचारता येईल.

फोन लावला तर काय बोलायचं?

आधी जागा: गाव, तालुका, जिल्हा, आणि दिसणारी एक खूण. किलोमीटरचा दगड, डीपी, शाळा, पेट्रोल पंप. मग काय झालं ते. फोन मध्येच तुटला तरी गाडीला दिशा मिळालेली असते. तिनं पत्ता परत वाचून दाखवला तर चिडू नका (मी चिडलो होतो). घटनेचा क्रमांक मिळाला तर लिहून ठेवा, पाठपुरावा त्यावरच होतो. नुसती अँब्युलन्स हवी असेल तर थेट १०८ चालतो.

हे सगळं आबांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते बोलले नाहीत, फक्त "बावडा म्हणजे बावडा, व्हय रं?" म्हणून मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत गेलो तर फळ्यावर म्हैस आणि गायीच्या दराखाली खडूनं नवीन ओळी होत्या: गावाचं पूर्ण नाव, ता. करवीर, पोलीस ठाण्याचं नाव आणि 'वरच्या आळीची खूण: मारुती देवळामागची डीपी'. सेक्रेटरी कुरकुरत होते की फॅटचा तक्ता लिहायला जागा उरली नाही.